नवशिक्याचा हात आणि संगणकाची कार्यप्रणाली
(शतक महोत्सवी व्याख्यानाचा मजकूर)



ग्रंथालयाच्या शतकपूर्तीच्या समारंभात संगणकाच्या कार्यप्रणालीवर व्याख्यान व्हावे, हे कित्येकांना विजोड वाटण्याचा संभव आहे. परंतु ग्रंथालयांचा इतिहास पाहिला तर नवशिक्याला हात देण्याचे काम या संस्थांना नवे नाही. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथालयतज्ज्ञाला पाचारण केले आणि संस्थानभर सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे विणले. त्या योजनेत गावोगाव फिरणाऱ्या पुस्तकांच्या लाकडी पेट्या होत्या, तशीच वाचकाला स्वतः कपाटापर्यंत जाऊन पुस्तक हाताळण्याची मोकळीकही होती. ज्याने कधी पुस्तकाचे कपाट उघडलेले नाही, त्याला ते उघडू देणे हा त्या काळी धाडसाचाच निर्णय होता. पुस्तके फाटतील, चोरीस जातील, उलटसुलट लावली जातील, हे आक्षेप तेव्हाही असणार. संगणकापुढे प्रथमच बसणाऱ्या माणसाबाबत आज घेतले जाणारे आक्षेप काही फार निराळे नाहीत.

कार्यप्रणाली म्हणजे काय, हे ग्रंथालयाच्या सभासदाला समजावून सांगणे त्या मानाने सोपे आहे. संगणकाच्या पोटातील डिस्क हा ग्रंथसंग्रह समजावा. तेथे ठेवलेले सारे टिकून राहते. मेमरी म्हणून ज्याला म्हणतात ते वाचनालयातील टेबल. काम टेबलावर चालते, पण वीज गेली की ते टेबल कोणीतरी एका फटक्यात पुसून टाकते. 'सेव्ह करा' म्हणून शिकविणारा वारंवार का बजावतो, हे या एका चित्राने जितके समजते तितके दहा सूचनांनी समजत नाही. प्रोसेसर हा देवघेव विभागातील एकुलता एक लेखनिक. तो पाच सभासदांकडे आळीपाळीने इतक्या चपळाईने पाहतो की प्रत्येकाला वाटावे, तो आपल्याच सेवेत आहे. आणि हे टेबल, ही कपाटे, हा लेखनिक यांच्यावर देखरेख करणारा, कोणते पुस्तक कोठे आहे याची तालिका ठेवणारा, कोणाला काय द्यावे नि काय देऊ नये हे ठरविणारा जो ग्रंथपाल, तोच कार्यप्रणाली. वाचक ग्रंथपालाशी बोलतो; गोदामात शिरत नाही. विंडोज, लिनक्स, मॅक ही त्या ग्रंथपालांची नावे. स्वभाव थोडे निराळे, काम एकच.

नवशिक्याची भीती मात्र या चित्राने लगेच जात नाही. ती वयामुळे येते असा समज आहे, पण तो पुरता खरा नाही. ज्या गृहस्थाने चाळीस वर्षे हिशेबाच्या चोपड्या सांभाळल्या, ज्या गृहिणीने शिवणयंत्र उघडून तेलपाणी करून पुन्हा जोडले, त्यांना यंत्राचे भय असण्याचे कारण नाही. भय असते ते 'आपल्या हातून काही बिघडले तर' याचे. कारण शिवणयंत्रात बिघडलेला भाग दिसतो, संगणकात तो दिसत नाही. शिवाय शिकविण्याची रीतही या भयाला खतपाणी घालते. 'डाव्या कोपऱ्यातले तिसरे चित्र दाबा' असे वहीत लिहून दिले जाते. वर्षभराने प्रणालीची नवी आवृत्ती येते, ते चित्र उजवीकडे जाते आणि विद्यार्थ्याची सारी विद्या त्या चित्राबरोबर निघून जाते. चित्राची जागा पाठ केली होती. चित्र कशासाठी आहे हे कोणी सांगितलेच नव्हते.

काय बिघडू शकते आणि काय बिघडू शकत नाही, हे नवशिक्याला पहिल्याच दिवशी सांगितले पाहिजे. येथे युनिक्स या प्रणालीची परंपरा उपयोगी पडते. एकाच यंत्रावर अनेकांनी काम करावे, या हेतूने ती वाढली. त्यामुळे प्रत्येक फाइलीला एक मालक असतो, एक गट असतो आणि बाकीचे सारे 'इतर' असतात. आणि वाचणे, लिहिणे व चालविणे या तीन गोष्टींची परवानगी तिघांना वेगवेगळी देता येते. संदर्भ विभागातील कोश टेबलावर वाचता येतो, घरी नेता येत नाही आणि त्यावर पेन्सिलीने लिहिता तर मुळीच येत नाही, तसेच हे. याच परंपरेतल्या लिनक्सवर साध्या सभासदाच्या नावाने प्रवेश केलेला माणूस स्वतःची पत्रे चुकून पुसून टाकू शकेल, पण प्रणालीचे मूळ भाग त्याच्या हाताला सहसा लागणार नाहीत. स्वतःचे पुसले जाऊ शकते, हेही न लपवता सांगावे, आणि त्याच बैठकीत प्रत काढून ठेवायला शिकवावे. 'काही होत नाही हो, दाबा बिनधास्त' हे आश्वासन सद्भावनेचे असले तरी अर्धसत्य आहे, आणि अर्धसत्य उघडे पडले की शिकणारा पुन्हा फिरकत नाही.

युनिक्सच्या जन्मकथेतला एक भाग या विषयाच्या दृष्टीने फार बोलका आहे. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी ही प्रणाली रचावयास घेतली, हे अनेकांना ठाऊक असते. पण ती रचणाऱ्यांच्या वर्तुळाबाहेर तिचा नित्य वापर प्रथम कोणी केला? शास्त्रज्ञांनी नव्हे. १९७१ च्या उत्तरार्धात त्याच प्रयोगशाळेच्या पेटंट विभागातील तीन टंकलेखक त्या यंत्रावर दिवसभर पेटंटचे अर्ज टंकित करीत, दुरुस्त करीत आणि त्यांची मांडणी करीत बसत. यंत्राची स्मृती अवघी २४ किलोबाइट, डिस्क अर्ध्या मेगाबाइटची; आजच्या मोबाइलवर काढलेले एक साधे छायाचित्रही बहुधा त्या डिस्कवर मावणार नाही. एकाच्या चुकीपासून दुसऱ्याच्या कामाचे रक्षण करणारी व्यवस्थाही त्या यंत्रात नव्हती. निर्मात्यांनी नवा कार्यक्रम चालवून पाहावा, तो कोसळावा आणि टंकलेखकांचे काम ठप्प व्हावे, असा धोका रोजचा होता. म्हणून निर्मात्यांना जपून वागावे लागे. ज्या प्रणालीच्या वंशात आज जगातील बहुसंख्य मोठे संगणक आणि हातातले फोन मोडतात, तिचे बालपण असे तीन टंकलेखकांच्या गरजांना सांभाळण्यात गेले. प्रणालीला पैसे आणि पाठबळ मिळाले तेही याच कामामुळे.

त्याच प्रयोगशाळेतील ब्रायन कर्निघन यांनी सत्तरीच्या दशकात नवशिक्यांसाठी युनिक्सची ओळख करून देणारे एक छोटे टिपण लिहिले. पुढे माइक लेस्क यांच्यासह त्यांनी 'लर्न' नावाचा कार्यक्रमच तयार केला. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत तो प्रणालीबरोबरच येत असे. तो दोन-चार ओळींत एक गोष्ट सांगे, मग विद्यार्थ्याला खऱ्याखुऱ्या यंत्रावर ती करावयास लावी, केलेले तपासून पाही, आणि चुकले तर पुन्हा एक संधी देऊन पुढे नेई. वर्ग नाही, छडी नाही, हसणारे सोबती नाहीत. पन्नास वर्षे होत आली तरी यापेक्षा शहाणी शिक्षणपद्धती फारशी कोणी दाखविलेली नाही.

याच युनिक्सच्या परंपरेत दुसरी एक वाईट खोडही रुजली, तीही सांगितली पाहिजे. या प्रणालीत प्रत्येक आज्ञेची माहिती देणारी पाने यंत्रातच साठविलेली असतात. 'मॅन' ही आज्ञा दिली की ती समोर येतात. पाने नेमकी आहेत, नेटकी आहेत, पण ज्याला आधीच ठाऊक आहे त्याला आठवण करून देण्यासाठी लिहिल्यासारखी. कोशात शब्द शोधण्यासाठी त्याचे स्पेलिंग आधी ठाऊक असावे लागते, तशी ही गत. आणि नवशिक्याने काही विचारले की 'आधी माहितीपुस्तिका वाच' असे, मध्ये एक शिवी घालून, उत्तर देण्याची रीत जाणत्यांमध्ये पडली. तिचे चार इंग्रजी आद्याक्षरांचे संक्षिप्त रूप जगभर प्रसिद्ध आहे. विद्या कष्टाने मिळविली म्हणून दुसऱ्यानेही तितकेच कष्ट उपसावेत, ही वृत्ती आपल्याकडील गायकीच्या काही घराण्यांनाही अपरिचित नव्हती. त्यातून घराण्याचे नाव टिकले असेल; चिजा मात्र पुष्कळ हरवल्या.

गंमत अशी की ज्याच्या नावाने लिनक्स ओळखली जाते तो लिनस टोरवाल्ड्स हा स्वतः विचारणाराच होता. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने जुलैमध्ये इतर अभ्यासकांना प्रणालींच्या प्रमाणित नियमांची माहिती कोठे मिळेल असा प्रश्न विचारला, आणि २५ ऑगस्टला आपण छंद म्हणून एक प्रणाली रचीत असल्याचे सांगून लोकांना त्यात काय हवे आहे अशी विचारणा केली. सप्टेंबरात पहिली अपुरी आवृत्ती बाहेर पडली. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पाची साधने तिला येऊन मिळाली, १९९२ मध्ये ती त्याच प्रकल्पाच्या मुक्त परवान्याखाली आली, आणि मार्च १९९४ मध्ये तिची १.० ही आवृत्ती निघाली. नवशिक्याच्या दृष्टीने मात्र त्यानंतरच्या दोन घटना अधिक महत्त्वाच्या. जर्मनीतील क्लाउस क्नॉपर यांनी २००० साली 'क्नॉपिक्स' काढली. ही प्रणाली केवळ सीडीवरून चाले. डिस्कला हातही न लावता संगणक सुरू करावा, हवे तसे हाताळावे, आणि सीडी काढली की यंत्र पूर्ववत. आज हेच पेनड्राइव्हवरून होते. बिघडण्याचे भय ज्याला आहे, त्याला याहून चांगला उतारा नाही. दुसरी घटना ऑक्टोबर २००४ मध्ये निघालेल्या 'उबुंटू'ची. मागणी करणाऱ्याच्या घरी तिच्या सीडी टपालाने, विनामूल्य, जगाच्या पाठीवर कोठेही येत. ही सोय २०११ पर्यंत चालू होती. ज्यांच्या गावी इंटरनेटचा वेग मुंगीचा होता, त्यांच्यासाठी पोस्टमनने आणलेले ते पाकीट म्हणजे फिरत्या ग्रंथालयाची पेटीच होती.

मराठी माणसाच्या बाबतीत भाषेचा प्रश्न वेगळा काढता येत नाही, आणि तो येथे थोडा विस्ताराने मांडणे भाग आहे. नव्वदीच्या दशकात मराठी मजकूर संगणकावर येऊ लागला तेव्हा प्रत्येक टंकाची आपापली चाल होती. एका यंत्रावर शुद्ध मराठीत लिहिलेले पत्र दुसऱ्या यंत्रावर चिन्हांचा कचरा होऊन उघडे. छापखान्यांचे आणि संस्थांचे कितीतरी मजकूर त्या टंकांत अडकून पडले. १९९१ साली भारतीय लिपींसाठी 'इस्की' हे प्रमाण ठरले, त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती देवनागरीसह आली. पण ती घरोघरच्या यंत्रांत रुळायला आणखी दशकभराहून अधिक काळ गेला. आज मात्र कोणत्याही प्रचलित कार्यप्रणालीत देवनागरी मुळातच असते. विकत घ्यावी लागत नाही.

कळफलकाचीही तीच कथा. इनस्क्रिप्ट ही मांडणी १९८६ पासून सरकारी प्रमाण म्हणून उपलब्ध आहे, आणि ज्याला बाराखडी येते त्याला ती आठवडाभरात हाताशी यावी अशी तिची रचना आहे. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या. क आणि ख एकाच कळीवर, ग आणि घ एकीवर, त आणि थ, प आणि फ तसेच. शिफ्ट दाबली की महाप्राण. ल च्या कळीवर शिफ्ट दाबली की ळ. मुळाक्षरांचा तक्ता ज्याने भिंतीवर पाहिला आहे, त्याला यात परके असे काही नाही. अडचण होते ती जुन्या, तयारीच्या टंकलेखकांची. टंकलेखन यंत्रावर 'कि' लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी आणि क नंतर उमटवावा लागे, कारण कागद तसाच पुढे सरकतो. इनस्क्रिप्टमध्ये उच्चाराचा क्रम धरतात. आधी क, मग वेलांटी, आणि पडद्यावर वेलांटी आपोआप डावीकडे जाऊन बसते. तीस वर्षांचा हातचा वेग येथे आडवा येतो. अशा माणसाला नवशिक्या म्हणून वागविणे हा त्याचा अपमान आहे. त्याला एवढे एकच वाक्य सांगावे की यंत्र आता डोळ्याचे नव्हे, कानाचे ऐकते. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' या शब्दांतला अर्धा र हा आणखी एक अडसर. साधा र, पायमोड आणि य असे दाबले की रफार होऊन शब्द बिघडतो. र च्याच कळीवर शिफ्ट दाबून येणारा ऱ घेतला की तो नीट बसतो. ही एवढीशी गोष्ट न सांगितल्यामुळे मराठीत चुकीचे 'या' आणि 'र्‍या' यांचा सुळसुळाट झाला आहे.

पडद्यावरील सूचनांचे मराठीकरणही बरेच झाले आहे. ग्नोम आणि केडीई हे लिनक्सचे दर्शनी भाग, लिबरऑफिससारखा लेखनाचा कार्यक्रम मराठीत वापरता येतात, आणि त्यामागे विनावेतन काम करणाऱ्या कार्यकर्त्यांचे कष्ट आहेत. शब्दांविषयी मतभेद राहणारच. 'फाइल' हा शब्द मामलेदार कचेरीपासून मराठीत रुळलेला असताना तेथे 'धारिका' आणून नवशिक्याच्या डोक्यावर दुसरे ओझे ठेवण्यात हशील नाही. उलट 'सेव्ह'ऐवजी 'जतन करा' हे उत्तम. त्यात अर्थही आहे आणि जिव्हाळाही. 'डिलीट'साठी 'नष्ट करा' असे लिहिले की घाबरणारा अधिकच घाबरतो. 'काढून टाका' पुरेसे आहे. मुलांना तर कोणी शब्द द्यावेही लागत नाहीत. १९९९ च्या प्रजासत्ताकदिनी दिल्लीतील कालकाजी येथे सुगत मित्रा यांनी एका भिंतीत संगणक बसवून वस्तीतील मुलांपुढे मोकळा ठेवला, तेव्हा पडद्यावरच्या बाणाला मुलांनी 'सुई' म्हटले आणि वाट पाहावयास लावणाऱ्या वाळूच्या घड्याळाला 'डमरू'. त्याच वर्षी ग्वाल्हेरजवळील शिवपुरी येथेही असा प्रयोग झाला.

त्या प्रयोगाचे कौतुक पुष्कळ झाले, आणि मुले एकमेकांना पाहून किती शिकतात हे त्याने दाखविले हेही खरे. परंतु पुढे तेथे जाऊन आलेल्या अभ्यासकांनी हेही नोंदविले की धटिंगण मुलगे पुढे राहतात, मुली मागे पडतात, आणि बराचसा वेळ चित्रे रंगविण्यात नि खेळांत जातो. यंत्र मोकळे ठेवले की शिक्षण आपोआप घडते, हा निष्कर्ष म्हणूनच घाईचा. शेजारी कोणीतरी बसावे लागते.

आणि शेजारी बसणाऱ्याने हात आवरावा लागतो! घरोघरचे दृश्य परिचयाचे आहे. आजोबा विचारतात, 'हे पत्र गेले कुठे रे?' नातू माउस आपल्या हाती घेतो, दोन सेकंदांत पाचसहा ठिकाणी टिचकी मारतो, 'हे बघा' म्हणतो आणि निघून जातो. पत्र सापडले, आजोबा होते तेथेच आहेत, किंबहुना एक पायरी खाली, कारण आता त्यांची खात्री झाली आहे की हे आपल्याला जमणारे नव्हे. नातवाच्या प्रेमात उणे काही नाही. त्याने फक्त हात पाठीमागे बांधून उभे राहावयास हवे होते, आणि विचारावयास हवे होते, 'आजोबा, जतन करताना तुम्ही नाव काय दिले होते?' शिकणाऱ्याला काय हवे आहे हेही आधी विचारावे. कोणाला सातबाराचा उतारा पाहायचा असतो, कोणाला परदेशी असलेल्या मुलीशी समोरासमोर बोलायचे असते, कोणाला आयुष्यभर केलेल्या टिपणांची सूची करायची असते. ज्याला सूची करायची आहे त्याला चित्रे रंगविण्यापासून आरंभ करावयास लावणे म्हणजे प्रौढ साक्षराच्या हाती पुन्हा अंकलिपी देणे होय.

ग्रंथालयांना या विषयाची आजची निकड आणखी एका कारणाने आहे. विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तिच्या पुढच्या आवृत्तीसाठी यंत्रात सुरक्षेची जी चिप लागते ती अनेक जुन्या पण धडधाकट संगणकांत नाही. देणगीतून मिळालेली अशी यंत्रे भंगारात काढण्याआधी त्यांवर लिनक्स चालवून पाहणे शहाणपणाचे. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ येथील ग्रंथालयापुढे असाच प्रसंग १९९९ साली आला होता. त्यांची जुनी प्रणाली २००० सालच्या तारखा ओळखू शकणार नव्हती. त्यांनी 'काटिपो' या संस्थेकडून नवी प्रणाली करवून घेतली, जानेवारी २००० मध्ये ती सुरू केली आणि मुक्त परवान्याखाली जगाला देऊन टाकली. माओरी भाषेत भेटवस्तूला 'कोहा' म्हणतात, तेच तिचे नाव. देवघेव आणि तालिका यांसाठी ती आज भारतातीलही अनेक ग्रंथालये वापरतात, आणि ती प्रायः लिनक्सवरच चालते.

तथापि उत्साहाच्या भरात नवशिक्यावर प्रणाली लादू नये. ज्याच्या घरी विंडोज आहे त्याला ग्रंथालयात लिनक्सच शीक असे म्हणणे त्याला दुप्पट गोंधळात टाकणे आहे. जुन्या टंकांत वर्षानुवर्षे काम करणाऱ्या मुद्रकांचा सारा संसार एका प्रणालीशी बांधलेला असतो. तो एका रात्रीत हलत नाही. एखादा छपाईयंत्राचा किंवा स्कॅनरचा नमुना लिनक्सवर अडून बसतो, आणि नवशिक्याच्या पहिल्याच दिवशी तो अडून बसला तर सारे मुसळ केरात. म्हणून यंत्रे आधी जाणत्याने महिनाभर वापरून पाहावीत, मग सभासदांपुढे ठेवावीत.

पहिली बैठक अर्ध्या तासापेक्षा लांबवू नये. त्यात एकच काम व्हावे: शिकणाऱ्याने स्वतःच्या नावाने प्रवेश करावा, देवनागरीत चार ओळी लिहाव्यात, त्यांना स्वतः निवडलेले मराठी नाव देऊन जतन करावे, यंत्र रीतसर बंद करावे, पुन्हा सुरू करावे आणि त्या चार ओळी शोधून काढाव्यात. बंद करून पुन्हा सुरू करणे यातच सारे आहे. टेबल पुसले गेले तरी कपाटातले जागेवर आहे, हे त्या वेळी डोळ्यांना दिसते. दुसऱ्या बैठकीत तीच फाइल काढून टाकावी आणि कचरापेटीतून परत आणावी. आणि यंत्राशेजारी एक जाड वही ठेवावी. ज्याला जो प्रश्न पडला तो त्याने आपल्या अक्षरात लिहावा, कितीही बाळबोध असो. उत्तर ज्याला सापडेल त्याने खाली लिहावे, तारीख घालावी. वही भरली की तिला दाखल नोंदवहीतला क्रमांक देऊन, बाकीच्या पुस्तकांप्रमाणेच, कपाटात लावावी.